बादलीने आंघोळ करणाऱ्या घरासाठी शॉवरचा पडदा निवडताना

आमच्या पुण्यातील सदनिकेचे न्हाणीघर सात फूट लांब आणि चार फूट दोन इंच रुंद आहे. दारातून आत गेल्यावर आधी बेसिन, त्याच्या पुढे कमोड आणि खिडकीखालच्या शेवटच्या तीन फुटांत नळ, शॉवर व बादली, अशी त्याची रचना असून या दोन भागांमध्ये पूर्वी कसलाही अडसर नव्हता. सकाळी तीन माणसांच्या आंघोळी झाल्या की दारापर्यंतची सगळी फरशी ओली होत असे आणि दुपारपर्यंत ती ओलीच राहत असे. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत माझा मुलगा आंघोळ करून कॉलेजला गेल्यानंतर माझ्या सासूबाई आत गेल्या आणि कमोडसमोर त्यांचा पाय सरकला. त्यांनी बेसिनची कड धरली म्हणून त्या पडल्या नाहीत. मनगट मुरगळण्यावर निभावले. वय ७६, दोन्ही गुडघे दुखरे. त्या दिवशी त्यांच्या मनगटाला क्रेप बँडेज बांधताना मी ठरवले की कमोडच्या बाजूची फरशी कोरडी ठेवण्याची काहीतरी कायमची व्यवस्था करायचीच.

पहिला विचार काचेच्या पार्टिशनचा होता, कारण नव्या इमारतींत सर्वत्र तेच दिसते. काचेचे काम करणारा कारागीर येऊन मापे घेऊन गेला आणि आठ मिलिमीटर जाडीच्या टफन्ड काचेसाठी त्याने अठरा हजारांचा अंदाज दिला. पैशांपेक्षाही मला वेगळीच गोष्ट अडली. गुडघे फार दुखत असतात त्या दिवशी सासूबाईंना आंघोळीसाठी मदत लागते. त्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसतात आणि मी बाजूला उभी राहून त्यांच्या पाठीवर पाणी घालते. तीन फूट बाय चार फुटांच्या काचेच्या खोक्यात स्टूल, बादली आणि दोन माणसे मावणे शक्य नव्हते आणि उद्या त्यांना आत चक्कर आली, तर काचेच्या अरुंद फटीतून त्यांना बाहेर काढणेही कठीण गेले असते. पडदा मात्र एका हाताने पूर्णपणे बाजूला सारता येतो. ज्या घरात वृद्ध माणूस आहे आणि न्हाणीघर लहान आहे, तिथे मी आजही कोणालाही काचेआधी पडद्याचाच विचार करायला सांगेन.

एवढे ठरल्यावर मी जी घाई केली तिचा मला नंतर पस्तावा झाला. काहीही न मोजता मी ऑनलाइन एक पडदा मागवला. पीव्हीसीचा, पानाफुलांच्या छपाईचा, सात फूट उंच आणि साडेचार फूट रुंद. किंमत साडेतीनशे रुपये. त्याच्यासोबत दोन भिंतींच्या मध्ये दाबून बसवायची स्प्रिंगची दांडीही घेतली, कारण तिला भिंतीत भोक पाडावे लागत नाही. पाकीट उघडताच सगळ्या घरात त्या प्लास्टिकचा उग्र वास पसरला. पीव्हीसी मुळात कडक असते. त्याला पडद्यासारखे मऊ करण्यासाठी त्यात प्लास्टिसायझर नावाची रसायने मिसळतात आणि नव्या पडद्याला येणारा वास बराचसा अशा मिसळलेल्या द्रव्यांचा असतो. दोन दिवस गच्चीवर वाळत घातल्यावर वास थोडा कमी झाला, पण बंद न्हाणीघरात गरम पाणी सुरू केले की पुन्हा जाणवू लागे.

मापाची चूक त्याहून मोठी ठरली. दांडीचे एक टोक ज्या भिंतीवर टेकते, त्याच भिंतीवर जमिनीपासून सात फुटांवर आमच्या गिझरचा तळ येतो, त्यामुळे दांडी त्याच्या खालीच बसवावी लागली आणि सात फुटी पडद्याचा खालचा भाग फरशीवर लोळू लागला. ज्या पडद्यामुळे घसरणे थांबायला हवे होते, त्याच्याच ओल्या टोकावर पाय पडू लागला. मी कात्रीने खालचे चार इंच कापले, तर कापलेली कड आत वळली. रुंदीतही तोच प्रकार. आमच्या दोन भिंतींमधले अंतर ५० इंच आणि पडदा ५४ इंचांचा, म्हणजे तो पूर्ण ओढला की ताणलेल्या चादरीसारखा सपाट व्हायचा, त्याला चुण्या उरत नसत आणि दोन्ही भिंतींशी फटी राहत. चौथ्या रात्री स्प्रिंगची दांडी गुळगुळीत टाइलवरून घसरून पडद्यासकट खाली आली. त्या वेळी आत कोणी नव्हते हे आमचे सुदैव, कारण तोल जाताना सासूबाईंचा हात त्या दांडीकडे गेला असता, तर तिने त्यांना क्षणभरही आधार दिला नसता.

पण पडदा बदलायलाच हवा हे ज्या प्रसंगाने नक्की झाले तो वेगळाच होता. त्या दिवशी सासूबाईंनी स्टुलावर बसून हँड-शॉवरने गरम पाणी अंगावर घेतले आणि तो हलका, ओला पडदा आत ओढला जाऊन त्यांच्या पाठीला चिकटला. त्या दचकल्या आणि उठायला गेल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अगं, मागून कुणीतरी हात लावल्यासारखं वाटलं. मला नको हा पडदा, मी आपली ओल्या फरशीवरनं जपून चालेन."

शॉवर सुरू असताना पडदा आत का ओढला जातो, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. गरम हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला खालून थंड हवा आत येते, हे त्याचे एक जुने स्पष्टीकरण आहे; पण थंड पाण्यानेही पडदा आत येतो, तेव्हा तेवढ्याने भागत नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील डेव्हिड श्मिट यांनी शॉवरच्या फवाऱ्याचे संगणकावर प्रतिरूप तयार करून दाखवले की पडणाऱ्या थेंबांमुळे पडद्याच्या आतल्या बाजूला हवेचा आडवा भोवरा तयार होतो, त्या भोवऱ्याच्या मध्यभागी हवेचा दाब कमी असतो आणि पडदा तिकडे खेचला जातो. या अंशतः उत्तराबद्दल त्यांना २००१ साली भौतिकशास्त्राचे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारे पारितोषिक, देण्यात आले. मला त्यातून व्यवहाराचा एक धडा मिळाला: हे ओढणे थांबवता येत नसले, तरी पडदा जितका जड आणि त्याची खालची कड जितकी वजनदार, तितका तो जागेवर राहतो. आणि शक्य असेल तिथे बादलीच्या पाण्याने आंघोळ केली, तर तो भोवरा तयार होण्याइतका फवारा मुळात नसतोच.

बादलीचा हा मुद्दा डोक्यात आल्यावर मी पहिल्यांदा नीट विचार करू लागले. बाजारात मिळणारे शॉवरचे पडदे बाथटब असलेल्या घरांसाठी घडलेले आहेत. त्या घरांत पडद्याची खालची कड टबाच्या आत सोडतात, त्यामुळे पडद्यावरून ओघळणारे पाणी टबातच पडते आणि पडदा जमिनीपासून किती वर आहे याचा प्रश्नच उद्भवत नाही. आमच्याकडे टब नाही. मुलगा शॉवर घेतो, पण सासूबाई, नवरा आणि मी एरवी बादली-तांब्यानेच आंघोळ करतो. तेव्हा आमच्या घरात पाणी नेमके कुठे आणि किती उंचीवर उडते, हे आधी शोधणे आवश्यक होते.

त्यासाठी मी रद्दी वापरली. पडदा काढून टाकला आणि सलग तीन सकाळी प्रत्येकाच्या आंघोळीआधी कमोडच्या बाजूच्या कोरड्या फरशीवर वर्तमानपत्राचे कागद अंथरले, कमोडच्या टाकीला आणि भिंतीलाही चिकटपट्टीने कागद लावले. आंघोळ झाली की कागद उचलून पाहायचे. मुलाच्या शॉवरने भिंतीवरच्या कागदावर छातीच्या उंचीपर्यंत बारीक, विरळ ठिपके उठले होते आणि फरशीवरचे कागद जेमतेम दमट होते. सासूबाईंच्या बादलीच्या आंघोळीनंतर मात्र भिंतीवरचा कागद गुडघ्याच्या वर जवळजवळ कोराच होता आणि फरशीवरचा कागद दीड फुटापर्यंत लगदा झालेला होता. खांद्यावरून ओतलेले पाणी मांडीवरून आणि स्टुलावरून फरशीवर आपटते आणि तिथून ते खालच्या खाली, जोराने, सगळीकडे उडते. शॉवरचा पडदा म्हटल्यावर लोक त्याचा रंग आणि वरचा भाग पाहतात. आमच्या गरजेचा सगळा कस खालच्या दीड-दोन फुटांत होता.

त्या कागदांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कमोडच्या बुडाशी असलेला कागद वरून कोरडा आणि खालून ओला होता, म्हणजे तिथे पाणी उडून नव्हे, तर वाहून आले होते. मी एक बादली पाणी नळाखाली हळूहळू ओतून पाहिले. बरेचसे नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे फरशीतले पाणी वाहून जाण्याच्या जाळीकडे गेले, पण एक पातळ ओघ उलट दिशेने कमोडकडे सरकला. पडदा उडणारे पाणी अडवतो, वाहणारे अडवू शकत नाही. फरशीचा उतार चुकलेला असेल, तर हजार रुपयांचा पडदाही त्या न्हाणीघराला कोरडे ठेवणार नाही, हे मला त्या दिवशी कळले आणि पडदा घेण्याआधी प्रत्येकाने ही एक बादली ओतून पाहावी असे मला मनापासून वाटते.

म्हणून पडद्याआधी गवंडी आला. आंघोळीचा भाग संपतो तिथे त्याने काळ्या ग्रॅनाइटची दोन इंच रुंद आणि पाऊण इंच उंच पट्टी बसवली. तो दीड-दोन इंच उंचीची पट्टी सुचवत होता, पण सासूबाईंच्या पायाला तिची ठेच लागली असती. म्हणून उंची कमी ठेवली, वरच्या कडा गोल घासून घेतल्या आणि आमच्या पांढरट फरशीवर पट्टी स्पष्ट दिसावी म्हणून काळाच दगड निवडला. ट्रॅप असलेल्या भिंतीपाशी पट्टीत एक इंचाची मोकळी जागा सोडली, कारण कमोडच्या बाजूची फरशी धुतल्यावर ते पाणीही ट्रॅपकडे जायला हवे. हे सगळे एका दुपारचे काम होते.

आता मापे. हे मी या वेळी कागदावर लिहून, दोनदा मोजून केले. रुंदीसाठी भिंतींमधल्या अंतराच्या निदान सव्वापट, जमल्यास दीडपट कापड असावे, म्हणजे पडदा ओढल्यावरही त्याला चुण्या राहतात, तो उभा पडतो आणि वाऱ्याने किंवा पाण्याने सहज आत येत नाही. आमच्या ५० इंचांसाठी १८० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ ७१ इंच रुंदीचा पडदा योग्य होता आणि सुदैवाने तेच माप बाजारात सर्वत्र मिळते. उंचीचा हिशोब खालून वर करायचा असतो, हे मला पहिल्या वेळी कळले नव्हते. आधी फरशीपासून पडदा किती वर हवा ते ठरवायचे, त्यात पडद्याची लांबी आणि कडीमुळे पडणारे अंतर मिळवायचे आणि मग दांडीची जागा काढायची. आम्ही फरशीपासून अर्धा इंच सोडला. कडी दीड इंच खाली लोंबते. दोनशे सेंटिमीटरचा पडदा पावणेएकोणऐंशी इंचांचा होतो. म्हणजे दांडी जमिनीपासून जवळजवळ ८१ इंचांवर, गिझरच्या तीन इंच खाली बसणार होती. फरशीला ट्रॅपच्या बाजूला उतार असल्याने तिथे हे अंतर अर्धा इंच जास्त भरले, पण दांडी मात्र सरळच हवी. म्हणून मापे फरशीवरून न घेता पाणी भरलेल्या लेव्हल ट्यूबने दोन्ही भिंतींवर खुणा केल्या.

राहिला कापडाचा प्रश्न. एका शनिवारी मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेले, कारण पडदा हाताळल्याशिवाय पुन्हा घ्यायचा नाही असे मी ठरवले होते. एका दुकानात तीन प्रकार शेजारी शेजारी पाहायला मिळाले. पीव्हीसी मला माहीत झालेच होते: पूर्ण जलरोधक, स्वस्त, पण वासाचे, आणि काही काळाने त्यातला मऊपणा जाऊन घड्यांवर कडक होऊन चिरणारे. दुसरा प्रकार पेव्हा (PEVA) नावाच्या प्लास्टिकचा. त्यात क्लोरीन नसते, वास फारच कमी येतो आणि तो दुधट, अर्धपारदर्शक असतो. पण दुकानातला पडदा इतका पातळ होता की पहिल्या पडद्यासारखाच तोही अंगाला चिकटला असता. तिसरा पॉलिस्टरचा, म्हणजे विणलेल्या कापडाचा. कापड स्वतः पाणी शोषत नाही, पण विणीतून पाणी झिरपू नये म्हणून त्याला जलरोधक लेप दिलेला असतो आणि तो लेप धुऊन धुऊन हळूहळू उतरतो. हा पडदा हाताला कापडासारखा लागतो, वजनाने जड असतो आणि मशीनमध्ये धुता येतो.

दुकानदार वयस्कर आणि समजूतदार होते. मी त्यांना घरातली अडचण सांगितली, तेव्हा त्यांनी पॉलिस्टरच्या पडद्याचा एक कोपरा माझ्या हातात दिला, वर थोडे पाणी ओतले आणि म्हणाले, "ताई, वरून पाणी बघू नका, खालून हात लावून बघा." पाण्याचे मणी कापडावरून घरंगळून गेले आणि खालचा तळवा कोरडा राहिला. दुसऱ्या, स्वस्त पडद्यावर त्यांनी तेच केले, तेव्हा काही क्षणांतच माझ्या तळव्याला ओल जाणवली. दिसायला दोन्ही कापडे सारखीच होती. मग त्यांनी खालची कड उलटून दाखवली: एका पडद्यात लोहचुंबकाच्या गोल चकत्या शिवलेल्या होत्या आणि दुसऱ्यात प्लास्टिकचे आवरण असलेली लहान वजने. चुंबक कशासाठी हे मी विचारले. ते पोलादी किंवा बिडाच्या टबाच्या भिंतीला चिकटून पडदा धरून ठेवण्यासाठी असतात. आमच्या टाइलला ते कशालाही चिकटणार नव्हते. उलट पाणी लागून गंजले असते आणि पांढऱ्या कापडावर तांबूस डाग पडले असते. मी वजनांचा पडदा घेतला.

वरच्या छिद्रांकडेही मी बारकाईने पाहिले. ज्या छिद्राला नुसती शिवण असते ते कडीच्या घर्षणाने लवकर फाटते; छिद्राभोवती बसवलेले धातूचे आयलेट टिकाऊ, पण ते न गंजणारे असायला हवे. माझ्या पडद्याला बारा आयलेट होते. कड्या मी स्टीलच्या, वरून लहान मणी असलेल्या घेतल्या, कारण त्या दांडीवरून जवळजवळ जोर न लावता सरकतात. हा माझ्या दृष्टीने चैनीचा भाग नव्हता. ज्या माणसाचा एक हात नेहमी आधार शोधत असतो, त्याला दुसऱ्या हाताने पडदा ओढायला झटका द्यावा लागू नये.

रंग निवडताना मला सर्वांत जास्त वेळ लागला. खिडकी आंघोळीच्या बाजूला आहे, म्हणजे पडदा ओढला की कमोडच्या बाजूचा उजेड अडणार. सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे आणि अंधुक उजेडात त्यांना फरशीवरचे पाणी दिसत नाही. त्यामुळे मला आवडलेला गडद निळा रंग बाद झाला. शिवाय उन्हाळ्यात आमच्या सोसायटीला बोअरचे आणि टँकरचे पाणी मिळते. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा थर तयार करतात आणि तो गडद रंगावर पांढऱ्या राखेसारखा दिसतो. अगदी शुभ्र पडद्यावर उलट प्रत्येक डाग दिसला असता, पण विचार केल्यावर मला ते सोयीचेच वाटले, कारण डाग दिसला तरच पडदा धुतला जातो. शेवटी उजेड आत येऊ देणारा, कसलीही नक्षी नसलेला, साईच्या रंगाचा पडदा घेतला. नऊशे रुपयांना एक याप्रमाणे एकसारखे दोन घेतले; त्याचे कारण पावसाळ्यात समजते.

परदेशांत पुष्कळ ठिकाणी बाहेरून शोभेचा कापडी पडदा आणि आतून प्लास्टिकचे अस्तर असे दोन थर लावतात. तो विचारही मी केला होता. पण आमच्या न्हाणीघरात हवा खेळत नाही आणि दोन थरांमध्ये अडकलेली ओल वाळायला वेळ लागतो. तेवढ्या कारणाने मी तो सोडला.

दांडी बसवायचे काम मी स्वतः समोर उभी राहून करून घेतले. स्प्रिंगची दांडी परत घ्यायची नाही हे ठरलेलेच होते. ३०४ प्रतीच्या स्टीलची एक इंच व्यासाची नळी आणि तिचे दोन फ्लँज अकराशे रुपयांना मिळाले. नळाच्या आणि गिझरच्या थेट वरखाली भिंतीत नळ्या उभ्या गेलेल्या असतात, त्यामुळे त्या रेषेत भोक पाडायचे नाही, हे कारागिराने आपणहून सांगितले, तेव्हा माझा त्याच्यावर विश्वास बसला. त्याने खुणेवर कागदी चिकटपट्टी लावली, म्हणजे गुळगुळीत टाइलवरून बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा ठोका बंद ठेवून सावकाश भोक पाडले आणि मागच्या सिमेंटमध्ये गेल्यावरच ठोका सुरू केला. स्क्रू धरणारी प्लास्टिकची गिट्टी बसवण्याआधी त्याने भोकात थोडे सिलिकॉन भरले, जेणेकरून पाणी टाइलच्या मागे जाऊ नये. त्याच दिवशी स्टुलाजवळच्या भिंतीवर बसल्या हाताला येईल अशा उंचीवर आधाराची वेगळी दांडीही बसवून घेतली. ती पडद्याच्या दांडीपेक्षा कितीतरी मजबूत आहे आणि सासूबाईंना मी स्पष्ट सांगितले, "आई, तुम्ही काहीही झालं तरी पडदा किंवा वरची दांडी धरायची नाही. हात इथेच यायला हवा." पहिला आठवडाभर त्या रोज आत जाताना त्या दांडीला एकदा हात लावून पाहत.

नव्या पडद्याबद्दलची त्यांची भीती लगेच गेली नाही. पहिल्या दिवशी त्यांनी तो अर्धाच ओढला. त्यांना आत कोंडल्यासारखे वाटेल अशी मला शंका होती, पण छत नऊ फुटांवर असल्याने पडद्याच्या वर दोन फुटांहून जास्त मोकळी जागा राहते आणि उजेड व हवा दोन्ही येत राहतात. स्टूल पडद्यापासून नऊ इंच आत सरकवले, म्हणजे पडदा थोडा आत आला तरी पाठीला लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतून कड्यांचा सर्रकन आवाज आला आणि मला बाहेर कळले की त्यांनी पडदा स्वतः पूर्ण ओढला आहे.

पावसाळा ही खरी परीक्षा होती. जुलैमध्ये आमच्या न्हाणीघरात टॉवेलही वाळत नाही, मग पडदा कुठला वाळणार. दुसऱ्या आठवड्यात खालच्या दुमडलेल्या कडेवर गुलाबी, बुळबुळीत थर दिसला. तो पाहून मी आधी कापडाचा रंग उतरला असे समजले होते. असा थर बहुतेक वेळा सेराशिया मार्सेसेन्ससारख्या जिवाणूंचा असतो. ओल आणि साबणाचा अंश मिळाला की ते न्हाणीघरात सहज वाढतात. थोड्याच दिवसांत शिवणीत काळ्या बुरशीचे ठिपकेही आले. तेव्हापासून आमच्या घरात दोन सवयी लागल्या. शेवटची आंघोळ झाली की पडदा गोळा करून बाजूला न सारता पूर्ण पसरून ठेवायचा, कारण चुण्यांमध्ये अडकलेली ओल दिवसभर वाळत नाही, आणि एक्झॉस्ट पंखा निदान वीस मिनिटे सुरू ठेवायचा. दर पंधरा दिवसांनी एक पडदा उतरवून कोमट पाण्यात सोडा घालून मशीनमध्ये धुते आणि त्या वेळी दुसरा लावते. क्षारांचा थर फार जमला, तर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये तासभर भिजवते. व्हिनेगर आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र वापरायचे नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. ही सूचना मी मशीनच्या वर कागदावर लिहून लावली आहे, कारण घरात कपडे धुणारी मी एकटी नाही.

यंदाच्या जुलैत मी पुन्हा तीन सकाळी कागद अंथरले. कमोडसमोरचे सगळे कागद कोरडे निघाले. सासूबाई तो कागद हातात घेऊन त्यावरची बातमी वाचू लागल्या. फक्त ट्रॅपच्या बाजूच्या भिंतीशी, जिथे पट्टीत इंचभर जागा सोडली आहे आणि उतारामुळे पडदा फरशीपासून जरा जास्त वर राहतो, तिथे बोटभर रुंदीचा ओला पट्टा उमटला होता. पडद्याची ती कड हवेने भिंतीपासून सुटते. तिथे टाइलवर फरशीपासून फूटभर उंचीवर एक लहान चिकटणारा हूक लावला आणि शिंप्याकडून पडद्याच्या कडेला त्या उंचीवर कापडी फासा शिवून घेतला. आत गेलेल्याने पडदा ओढला की तो फासा हुकात अडकवायचा. मुलगा आणि नवरा अडकवायला विसरतात. सासूबाई वाकू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या आंघोळीआधी मी तो अडकवून बाहेर येते.